बिस्किटांचा डबा आणि आबांची शपथ

मी मुलांचे मोबाईल सोडवते असं लोक म्हणतात. त्यात तथ्य नाही. मी मोठ्यांचे मोबाईल सोडवते, मग मुलांचे आपोआप थोडे सैल होतात. पण पाटीवर असं लिहिलं असतं तर एकही गिऱ्हाईक जिना चढून वर आलं नसतं. म्हणून बावधनच्या माझ्या खोलीबाहेर 'मुलांसाठी समुपदेशन' अशी सभ्य पाटी आहे.

त्याआधी वीस वर्षं मी शाळेत नाटक शिकवलं. राक्षस, म्हातारी, पाऊस, वाघ, सगळं मीच करून दाखवायची. पुढे समुपदेशनाचा रीतसर अभ्यास केला, परीक्षा दिली, पण अंगातली नाटकवाली काही गेली नाही. तिचे फायदे पुष्कळ झाले. पण एकदा तिच्यामुळेच एका पोरीचा जीव जाता जाता राहिला, ते आज सांगणार आहे.

आधी धंदा समजावून सांगते. माझी हत्यारं दोन, एक वही आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पहिल्या दिवशी मी घरात तासभर नुसती बसते. चहा घेते, गप्पा मारते आणि कोण किती वेळा फोन उचलतं त्याच्या वहीत रेघा ओढते. तासाभरानं वही उघडली की घरात शांतता पसरते, कारण सगळ्यात जास्त रेघा बापाच्या नाहीतर आजोबांच्या असतात. मग डबा निघतो. संध्याकाळी सात वाजले की घरातले सगळे फोन त्यात, ते सकाळपर्यंत. सगळे म्हणजे सगळे. पोराच्या हातातून फोन हिसकावायचा नाही, दहा मिनिटं आधी सांगायचं. आणि सर्वांत अवघड म्हणजे त्या रिकाम्या झालेल्या वेळात काय करायचं हे आधीच ठरवायचं. घोटावड्याच्या एका आईनं मुलाला व्हिडिओशिवाय भरवायला सुरुवात केली. पोरगं दोन दिवसांत मुकाट जेवायला लागलं. तिसऱ्या दिवशी आईचा रडवेला फोन, "मॅडम, ते जेवतंय हो. पण आता मी कुठं बघत बसू?"

अशा गमती पुष्कळ आहेत. माणची गोष्ट मात्र त्यांतली नाही.

माणमध्ये आयटी पार्कला लागून एक चार मजली इमारत आहे. जमीन गेली त्या पैशांतून बांधलेली. वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू, खाली घरमालक. मागं पत्र्याचा गोठा, त्यात दोन म्हशी आणि शर्यतीतून निवृत्त झालेला एक बैल. घरात आबा, त्यांचा मुलगा संतोष, सून मनीषा आणि सहावीतली नात ईश्वरी. मनीषानं हातातला फोन काढून घेतला म्हणून ईश्वरी तिला कडकडून चावली होती. मनगटावर दातांची अख्खी कमान उमटलेली. मनीषा ती पदराखाली लपवत मला म्हणाली, "मॅडम, पोरगी वाईट नाही हो. फोन हातात असला की ती वेगळीच असते."

मी तासभर बसले. वहीत आबांच्या रेघा सगळ्यांत जास्त. आबांचं वय बहात्तर, मिशा पांढऱ्या शुभ्र, आणि डोळ्यांपासून वीतभर अंतरावर फोन धरून ते बैलगाड्यांच्या शर्यती बघत होते. वही दाखवल्यावर त्यांनी नातीकडे पाहिलं. ती तोंडावर हात धरून हसत होती. निम्मी लढाई मी तिथंच जिंकली होती.

मी करारनाम्याचा कागद काढला. घरातल्या सगळ्यांनी नियम ठरवायचे आणि खाली सह्या करायच्या, अशी माझी पद्धत. आबांनी कागद एका बोटानं परत सरकवला.

"बाई, कागदाचं नका सांगू. कागदावर सह्या करूनच आमची जमीन गेली. सही केलेला मानूस दुसऱ्या दिवशी वळख दावत न्हाई."

"मग काय करू या आबा?"

"शपथ घेऊ. गळ्याची. ती पोरगी माज्या गळ्याची घेईल, मी तिच्या गळ्याची घेतो. मग बगू कोन मोडतंय."

इथं मी 'नको' म्हणायला हवं होतं. कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं आहे की मुलांना भीती घालून सवय लावायची नाही. पण माझ्यातल्या नाटकवालीला समोर रंगमंच दिसला! मी खोलीतले दिवे मालवले. देवापुढची समई मध्ये आणली. डबा पाटावर ठेवला. आबांना खुर्चीत ताठ बसवलं आणि ईश्वरीला म्हटलं, "मोठ्यानं बोल. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे." पोरीनं आबांच्या सुरकुतलेल्या गळ्याला चिमटीत धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आबांच्या गळ्याशप्पथ, मी डब्यातला फोन काढणार नाही." आबांनी तिच्या इवल्याशा गळ्याला बोट लावून तेच म्हटलं. मनीषानं डोळे पुसले. मी पिशवीतली नाटकाची घंटा वाजवली. काय प्रवेश झाला होता म्हणून सांगू! घरी जाताना स्कूटरवर मी गात होते.

तीन आठवडे सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. सातला डबा बंद व्हायचा. ईश्वरी आबांबरोबर गोठ्यात जायची, म्हशीला चारा टाकायची, मग दोघं पत्ते कुटायचे. मनीषाच्या मनगटावरची खूण पुसली गेली. मी तर हे प्रकरण जिथं तिथं सांगत सुटले.

त्या सोमवारीही तेच करत होते. दुपारी चारनंतर बावधनच्या एका शाळेत पालकांची सभा होती आणि मी मंचावर रंगात आले होते. माझा फोन टेबलावर थरथरला. अनोळखी नंबर. मी तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि म्हटलं, "बघा, प्रत्येक फोन उचलायलाच हवा असं नसतं!" आणि कापून टाकला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. पुन्हा टाळ्या. सभा संपल्यावर मी तो नंबर लावला तेव्हा वीस मिनिटं गेलेली होती.

पलीकडे मनीषा होती, एका भाडेकरूच्या फोनवरून. "मॅडम, ईश्वरी सापडत नाहीये. आबा सकाळी पडले, साखर एकदम उतरली. हे त्यांच्याजवळ दवाखान्यात आहेत. पोरगी शाळेतून आली, तिला शेजारणीनं सांगितलं आबा पडले म्हणून. तेव्हापासून नाही. माझा फोनपण नाही."

"तुझा फोन कुठे होता?"

"डब्यात. आज गडबडीत बाहेर काढायचा राहिला."

मी माणला कशी पोचले मला आठवत नाही. घरात डबा पाटावर उघडा पडला होता. शेजाऱ्यांनी शाळा, मैत्रिणींची घरं, गच्चीवरच्या टाक्या, सगळं बघून झालं होतं. पोलिसांना कळवलं होतं. मनीषाचा फोन बंद लागत होता. मी तिला विचारलं, "हा मोठा टीव्ही तुझ्या फोनच्याच खात्यावर चालतो ना?" ती मान हलवेपर्यंत मी रिमोट हातात घेतला होता. फोनवर जे शोधलं जातं त्याची यादी टीव्हीवरही दिसते. आईबाप हे विसरतात, मुलं विसरतात. आमच्या धंद्यात ते विसरून चालत नाही.

यादी वर आली. हल्लीची मुलं टाईप करत नाहीत, फोनशी बोलतात, आणि तो त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो.

'शपथ मोडली तर माणूस मरतो का.'

'गळ्याची शपथ मोडली तर किती वेळात मरतो.'

'शपथ कशी उतरवायची लवकर.'

त्याच्या खाली, त्याच दिवशीचा पहाटेचा एक व्हिडिओ. मांजरीच्या पिल्लांचा.

मला सगळं दिसलं. पहाटे मनीषा पाणी भरायला उठली तेव्हा पोरीनं डबा उघडून थोडा वेळ मांजरीची पिल्लं बघितली. दोन तासांनी आबा पडले. शाळेतून आल्यावर तिला ते कळलं. अकरा वर्षांच्या पोरीनं हिशेब जुळवला, आणि तो जुळवायला तिला मीच शिकवलं होतं, समई लावून, घंटा वाजवून.

यादीतला सगळ्यात वरचा व्हिडिओ लावला. गळ्यात माळा घातलेला कुणी एक गृहस्थ सांगत होता. ज्या वस्तूमुळे शपथ मोडली ती वस्तू सूर्य मावळायच्या आत वाहत्या पाण्यात सोडावी. काम होईपर्यंत कुणाशी अवाक्षरही बोलू नये. पोरीनं तो तीनदा बघितला होता.

"मनीषा, इथं वाहतं पाणी कुठं?"

ती दाराकडं वळली. "नदीवरचा बंधारा. आमचा उरलेला तुकडा तिथंच हाय. आबा तिला घेऊन जातात."

माझ्या स्कूटरवर ती पुढं, मी मागं. आयटी पार्क सुटायची वेळ. गाड्यांची रांग हलायला तयार नाही. मनीषानं स्कूटर सरळ एका बांधकामाच्या आवारातून घातली, चिखलातून काढली, कुणीतरी शिव्या दिल्या, तिनं त्याहून मोठ्या परत दिल्या. सूर्य समोरच्या उंच इमारतींच्या मागं गेला होता, मावळला नव्हता. मी मागं बसून नुसतं तेवढंच बघत होते.

बंधारा म्हणजे नदीत आडवी बांधलेली, हातभर रुंदीची भिंत. पाऊस चांगला झालेला, त्यामुळं मधल्या भागात पाणी भिंतीवरून पलीकडे कोसळत होतं. कडेचं पाणी साचलेलं, हिरवं. वाहतं हवं तर मध्येच जायला हवं. शाळेच्या गणवेशातली ईश्वरी त्या शेवाळलेल्या भिंतीवर एकेक पाऊल टाकत मध्याकडे चालली होती. छातीशी फोन, केसांच्या लाल रिबिनीनं बांधलेला.

मनीषानं ओरडायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. "दचकली तर पाय सुटेल. तू इथंच थांब."

मी चपला काढल्या आणि भिंतीवर चढले. माझं वजन मी इथं सांगणार नाही. तिच्यापासून चार पावलांवर जाऊन थांबले. "ईश्वरी, मी आहे, बाई." तिनं वळून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. मला आठवलं, तिला बोलायचं नाही. बोलली तर सगळं फुकट जाईल आणि आबा मरतील.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "नुसती मान हलव. पहाटे फोन घेतलास?"

मान हलली, हो.

"आबांना काय वाटेल म्हणून भीती वाटते?"

नाही.

"आबांना काय होईल म्हणून?"

तिचा चेहरा चुरगळला, पण ओठ उघडले नाहीत. तिनं पुढचं पाऊल टाकलं. पाणी तिच्या घोट्यांवरून धावत होतं. वीस वर्षांची नाटकं, सगळे आवाज, सगळी सोंगं कुठं पळाली कोण जाणे. मी खिशातून फोन काढला आणि संतोषला व्हिडिओ कॉल लावला. रेंजची एकच काडी होती.

"संतोष, काही विचारू नकोस. आबांना दे."

पडद्यावर आबा आले. हाताला सलाईन, मिशा विस्कटलेल्या. मी आणखी जवळ सरकले, फोन ईश्वरीच्या दिशेनं धरला आणि ओरडूनच सांगितलं, "आबा, ईश्वरीनं पहाटे शपथ मोडली. तुम्ही त्यानं पडलात असं तिला वाटतंय. ती बंधाऱ्यावर आहे."

आबांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि चित्र तिथंच थांबलं. रेंज गेली. मिटलेले डोळे, उघडं तोंड, हलत नाही, आवाज नाही. ईश्वरी ते बघत होती. तिचा एक पाय मागं सरकला.

मग चित्राशिवाय नुसता आवाज आला.

"...मोडलीया म्हनतो मी!"

"काय आबा?" मी ओरडले.

"मी बी मोडलीया. पहिल्याच आठवड्यात. गोठ्यात बसून शर्यती बगितल्या. तुज्या गळ्याची शपथ घिऊन बगितल्या, ईशे. तुला काय झालं का? साधी शिंक तरी आली का?"

मागून संतोष म्हणाला, "आबा, तुमचा फोन तर डब्यात असतो. गोठ्यात फोन कुठला?"

"तू गप रं. दुसरा हाय. कडब्यात ठिवलाय."

आणि ईश्वरीचे ओठ उघडले. "दुसरा फोन?" ती किंचाळली. "आबा, दुसरा?"

रागानं ती गर्रकन पुरती माझ्याकडे वळली आणि तिचा पाय सुटला. मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं म्हणजे फोन धरायला तिसरा हात राहत नाही. तो गेला. आबांसकट तो फोन भिंतीवर आपटला, पाण्यावरून घसरला आणि धारेबरोबर खाली गेला. मी भिंतीवर बसकण मारली, पोरीला मांडीत ओढलं आणि तशीच बसून सरकत सरकत काठाला आले. मनीषानं तिला माझ्याकडून घेतलं तेव्हा तिघीही रडत होतो.

मग मला दवाखाना आठवला.

तिकडं आबांना काय दिसलं, काय ऐकू आलं असेल? नातीची किंकाळी, आभाळ, पाणी, अंधार. आणि त्याच्याच आधी ते काय म्हणाले होते? तुज्या गळ्याची शपथ मोडली. तुला काय झालं का?

"मनीषा, तुझा फोन चालू कर. आत्ता."

ईश्वरीनं दातांनी रिबिनीची गाठ सोडली. फोन चालू व्हायला जो वेळ लागतो तो आपण रोज बघतो, पण त्या दिवशी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरता फिरेना. चालू झाला तर संतोषचा नंबर व्यस्त. तो माझ्या बुडालेल्या फोनला पुन्हा पुन्हा कॉल करत होता. पुन्हा लावला. व्यस्त. ईश्वरीचं नाक गळत होतं, ती पुन्हा पुन्हा लावत होती. नदीवरचं ऊन गेलं. पाचव्यांदा घंटी वाजली.

पलीकडून कुणी बोललं नाही. नुसता घरघरणारा श्वास.

"आबा, मी हाय," ईश्वरी म्हणाली. "बाईंचा फोन बुडाला. मी न्हाई."

आबा असे रडले की मनीषानं तोंड फिरवलं. सासऱ्याला तिनं कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"आबा, सुटली म्हणा ना," ईश्वरी म्हणाली. आमच्याकडे पोरंसोरं एकमेकांना शपथा घालतात, आणि ज्याच्या नावाची शपथ असते त्यानं 'सुटली' म्हटलं की ती सुटते. एवढा सोपा उपाय होता. पण तो मागायचा तर आधी मोडल्याचं सांगायला हवं होतं, आणि सांगायची सोय मी कुठं ठेवलीच नव्हती.

"सुटली," आबा म्हणाले. "सुटली, सुटली. आता माजी सोड, बाय."

पोरीनं नाक पुसलं. घाई केली नाही. "किती शर्यती बघितल्या?"

"दोन."

"खरं?"

"...चार."

"सुटली," ईश्वरी म्हणाली.

आबा पाच दिवसांनी घरी आले. मी भेटायला गेले ती मान खाली घालूनच. माझी चूक आबांना आणि मनीषाला समोर बसून सांगितली. मी पुन्हा या घरी आले नाही तरी चालेल, असंही म्हटलं. आबा म्हणाले, "बाई, त्या दोन मिनिटांत मला कळलं पोरीला दिसभर काय झालं असंल. आना तुमचा कागद."

मी नवा कागद काढला. नियम तेच, फक्त शेवटी एक ओळ वाढवली होती. आता ती माझ्या प्रत्येक कागदावर असते. 'मोडलं तर सांगायचं. सांगितलं की कुणी ओरडायचं नाही.' आबांनी ती ओळ ईश्वरीकडून दोनदा वाचून घेतली आणि जमीन गेल्यानंतर पहिल्यांदा कुठल्याशा कागदावर सही केली. कडब्यातला फोन स्वतः आणून डब्यात टाकला.

आता मी समई लावत नाही. घंटाही कपाटात आहे. अजूनही कुणा आजोबांनी शपथेची गोष्ट काढली की माझ्यातली नाटकवाली उठून उभी राहते. तिला मी दटावून खाली बसवते. मंचावर असताना अनोळखी नंबर वाजला तर सरळ उचलते. पालक हसतात, हसू देत.

परवा रविवारी सकाळी फोन आला. मागं म्हैस हंबरत होती.

"बाई, आबा बोलतोय. मोडलं."

"किती आबा?"

"काल रातीला एकच बगितली. लई मोठी शर्यत व्हती म्हून."

मागून गोठ्यातून कुणीतरी ओरडलं, "तीन, बाई! मी पण होते!"